रविवार कुणाबरोबर घालवायचा

‘शिकायला पाठवलंय, भटकायला नाही.’ मुलगा जर्मनीत एमएस करायला गेला आणि त्याने शनिवारी कुठल्याशा टेकडीवरचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला, की ठाण्या-डोंबिवलीच्या घरांतून हे वाक्य हमखास येतं. त्यामागची काळजी खोटी नाही. शैक्षणिक कर्जाचा हप्ता डोक्यावर असतो. व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो आधीच ब्लॉक्ड अकाउंटमध्ये भरून दाखवावे लागतात आणि त्यातून महिन्याला ९९२ युरोच हातात येतात. अशा वेळी प्रत्येक तिकिटाचे रुपये मनातल्या मनात केले जातात, हे साहजिकच आहे. खटकतं ते दुसरंच. या वाक्यात सगळं फिरणं एकाच खात्यात जमा होतं, आणि कुठे गेलास हा एवढाच प्रश्न उरतो. कुणाबरोबर गेलास, हे कुणी विचारत नाही. माझ्या मते फरक पडतो तो तिथेच.

परदेशी शिकणाऱ्या मुलांचे शनिवार-रविवार दोन तऱ्हेने जातात. एक तऱ्हा आपल्याच घोळक्याची. पाच-सहा जण मिळून रात्रीची स्वस्त बस पकडायची, दोन दिवसांत प्राग किंवा पॅरिस उरकायचं, डब्यात घरून आलेले ठेपले आणि गाडीभर मराठी-हिंदी गप्पा. यात मजा आहे आणि वाईट काहीच नाही. दुसरी तऱ्हा म्हणजे लॅबमधला किंवा वसतिगृहातला तिथला मित्र म्हणतो, ‘या रविवारी आमच्या गावाला चल.’ मे २०२३ मध्ये ४९ युरोंना सुरू झालेलं आणि पुढे महागलेलं डॉयचलांड तिकीट जलद आयसीई गाडीला चालत नाही, म्हणून हळू रीजनल गाडीने जायचं. छोट्या स्टेशनावर मित्राचे वडील गाडी घेऊन आलेले असतात. घरात शिरताना बूट काढायचे, सपाता घालायच्या. जेवण झालं की बारीक पाऊस असला तरी सगळ्यांनी रानातून चालून यायचं, आणि चारच्या सुमारास आजीने केलेला केक नि कॉफी. आजी तिकडच्या बोलीत बोलते. जर्मनची बी-वन परीक्षा पास झालेल्याला निम्मंही कळत नाही. पण शेताकडेच्या पवनचक्कीवरून बापलेकांचा वाद कसा रंगतो, रविवारी गवत कापायचं यंत्र सुरू केलं तर शेजारी का चिडतो, हे तिथेच कळतं. जर्मनीत रविवारच्या विश्रांतीला थेट राज्यघटनेचं संरक्षण आहे. वायमार घटनेतलं ते कलम आजच्या घटनेने तसंच ठेवलं, आणि म्हणून दुकानं बंद असतात. हे माहीत नसलेल्या मुलाचा रविवार बंद शटरं बघत खोलीत जातो आणि हा देश त्याला रुक्ष वाटू लागतो. खरं तर तो दिवस घरं उघडी असण्याचा आहे. मात्र कुणी आत नेलं तरच ते दिसतं.

असा कुणाच्या घरातून देश ओळखणं नवं नाही, आणि कल्याणकरांना तर मुळीच नवं नसावं. कल्याणच्या जोशींची यमुना, म्हणजे आनंदीबाई, १८८३ साली अठराव्या वर्षी पतीशिवाय अमेरिकेला गेली, हे शाळेत सगळ्यांनीच वाचलेलं असतं. थिओडिशिया कार्पेंटर हे नाव मात्र त्या मानाने कमी आठवतं. आनंदीबाईंच्या शिक्षणासाठी पती गोपाळरावांनी मदत मागितली तेव्हा मिशनऱ्यांनी धर्मांतराकडे बोट दाखवलं होतं. तो पत्रव्यवहार एका मासिकात छापून आला. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या या बाईंनी तो दाताच्या डॉक्टरकडे थांबलेल्या असताना वाचला आणि आपण होऊन पत्र लिहिलं. आनंदीबाई उतरल्या त्या त्यांच्याच घरी. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात नाव घालण्याआधीचे महिने त्यांनी रोझेललाच काढले. त्या गावाची एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. जानेवारी १८८३ मध्ये एडिसनने खांबांवरून तारा नेऊन विजेच्या दिव्यांनी हे गाव उजळलं होतं. तारा अशा डोक्यावरून नेऊन उजळलेलं ते पहिलंच गाव. कल्याणच्या तेलाच्या दिव्यांत वाढलेली मुलगी त्याच जूनमध्ये तिथे पोचली. तो उजेड न्यूयॉर्कच्या प्रवाशालाही बघता आला असता. पण त्या उजेडात घर कसं चालतं, जेवणाच्या टेबलावर बायका काय बोलतात, आजारपण कसं काढतात, हे कार्पेंटरांच्या घरात राहिल्याशिवाय दिसलं नसतं. मार्च १८८६ मध्ये आनंदीबाई डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच फेब्रुवारीत पुण्यात गेल्या. त्यांच्या अस्थी पोकिप्सीच्या दफनभूमीत कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत आहेत. इतकं खोल गेलेलं नातं एका पत्रातून आणि एका उघड्या दारातून सुरू झालं होतं.

यावर सगळ्यात ठाम आक्षेप तिकडे राहून आलेल्या दादा-ताई मंडळींचा असतो: ‘आपला ग्रुपच खरा. गोरे मित्र हसतात-बोलतात, अडीनडीला आपलेच धावतात.’ यातला निम्मा भाग पूर्ण खरा आहे. पहिली खोली, पहिला कुकर, पत्ता नोंदवायला कुठल्या कार्यालयात जायचं, ताप आला तर खिचडी कोण करणार, या सगळ्याला आपलीच माणसं लागतात आणि त्यांना कमी लेखणारा तिकडे राहिलेला नसतो. पण अडीनडीची सोय आणि देशाची ओळख ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं नीट झालं म्हणून दुसऱ्याची गरज संपत नाही. अभ्यासक्रम इंग्रजीत, खोलीत मराठी, कामाच्या ठिकाणी तुटपुंजं जर्मन, असं करत दोन वर्षं संपतात आणि नोकरीच्या मुलाखतीत जर्मनच अडतं. पैशांचा आक्षेप तर उलटाच लागू पडतो: प्रागच्या सहलीला जे लागतं त्याच्या पासंगालाही गावच्या रविवारचा खर्च पोचत नाही.

राहिला एक आक्षेप, आणि तो मला टाळता येत नाही. तिथला मित्र मिळणं मुलाच्या हातात असतं का? रंग आणि आडनाव बघून दूर राहणारे तिथेही आहेत. शिवाय पुढाकार यजमानालाच घ्यावा लागतो. पाहुण्याने स्वतःहून ‘मला तुझ्या घरी ने’ म्हणायचं नसतं. कार्पेंटरबाईंनी पहिलं पत्र लिहिलं नसतं तर आनंदीबाईंची हिंमत एकटी काय करू शकली असती? हे मान्य केलं की ‘तिथल्या मित्राबरोबर फिरा’ हा मुलांना द्यायचा सल्ला लंगडा पडतो. प्रश्न यजमानांकडे वळतो, आणि यजमान म्हणून आपण कसे आहोत, हे विचारावंच लागतं.

आपल्याकडेही परगावची मुलं शिकायला येतात. परभणीची, जळगावची, बिहारची, मणिपूरची. ती पीजीत किंवा चौघांत एक खोली घेऊन राहतात आणि त्यांचाही रविवार खोलीतच जातो. दिवाळीच्या पहाटे डोंबिवलीच्या फडके रोडवर ती येतात तीही आपापल्या घोळक्याने. म्हणजे ज्याबद्दल आपण जर्मनांना बोल लावतो, तेच आपल्या दारात घडतं. कोणी म्हणेल, आमच्याकडे रविवार उरतो कुठे? पाच-सहा दिवस लोकलमध्ये जाता-येता अडीच तास उभं राहायचं, रविवारी मेगाब्लॉक, तुंबलेली कामं आणि घर दोन खोल्यांचं. ही अडचण खरी आहे. मोकळा, सक्तीने राखलेला रविवार जर्मन यजमानाला आयता मिळतो, आपल्याला नाही. पण सोबत न्यायला मोठं घर लागत नाही. कल्याणहून कर्जतच्या बाजूला तीन स्टेशनांवर अंबरनाथ आहे. तिथल्या शिवमंदिराच्या शिलालेखातला शक ९८२, म्हणजे इसवी सन १०६०. बाहेरच्या भिंतींवरचं कोरीव काम नि:शब्द करणारं आहे, आणि परभणीच्या मुलाने ते एकट्याने शोधून काढायची शक्यता कमीच. डोंबिवलीच्या वर्गमित्राने त्याला सकाळी घरी पोहे खायला घालून दुपारपर्यंत तिथे नेऊन आणायला लोकलचं तिकीट आणि अर्धा दिवस पुरतो. जो मुलगा इथे हे करतो, त्याला तिकडच्या आजीच्या टेबलाशी कसं बसायचं हे वेगळं शिकवावं लागणार नाही. आणि त्याच्या आईवडिलांनाही टेकडीवरच्या त्या फोटोत शेजारी उभा असलेला मुलगा कोण, हे विचारावंसं वाटेल.