भयंकर प्राण्याविषयीं आपलें कर्तव्य

हरिणाचें पाडस किंवा जखमी पारवा पाहून ज्याचें मन द्रवत नाहीं असा मनुष्य विरळा. अशा प्राण्यांवर दया करण्यास नैतिक बळ फारसें लागत नाहीं. कारण तेथें दया आणि आवड एकाच दिशेस जातात. परंतु ज्या प्राण्यापासून आपणांस सुख नाहीं, उलट भय मात्र आहे, त्याला जगूं देण्यास आपण बांधलेले आहों काय, हा प्रश्न निराळा आहे. गोड्या पाण्यांतील मगरीच्या निमित्तानें त्याचा थोडा विचार करावा असें आम्हांस वाटतें.

मगरीची मादी काठच्या मातींत खळगा खणून सुमारें २५-३० अंडीं घालते. तेथील उष्णतेवरून पिलांत नर कोण व मादी कोण हें ठरतें. अंड्यांतून पिलांचा आवाज येऊं लागला कीं माता माती उकरते, आणि ज्या जबड्याचें आपणांस भय वाटतें त्याच जबड्यांत त्यांना अलगद धरून पाण्यांत नेते. हें ऐकून ममता वाटली तर चांगलेंच; परंतु कर्तव्याचा पाया ममतेवर घालणें धोक्याचें आहे. उद्यां ती मगर आपलेंच वासरूं ओढून नेईल, आणि ममता त्याच दिवशीं संपेल.

कांहीं लोक उपयुक्तता पुढें करितात: मगर मेलेलीं जनावरें खाऊन टाकते, नदीस तिचा उपयोग आहे. हें खरें असलें तरी अपुरें आहे. जगण्याचा हक्क जर उपयोगावरून ठरावयाचा, तर आपल्या घरांतील वृद्ध व पंगु यांचें काय, याचें उत्तर द्यावें लागेल. आम्हांस खरा आधार वाटतो तो असा, कीं नदी एकट्या मनुष्याची कधींच नव्हती. आणि मगरीला आपला स्वभाव बदलतां येत नाहीं, मनुष्याला आपलें वागणें बदलतां येतें. ज्याला निवड करितां येते, त्याच्यावरच जबाबदारी पडते.

कातड्याच्या लोभानें मगरी नष्टप्राय होत चालल्या, तेव्हां १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें त्यांना अभय दिलें. आणि १९७५ पासून अंडीं उबवून, पिलें वाढवून नद्यांत सोडण्याचें काम देशांत सुरू झालें. आज सांगलीजवळ कृष्णेंत, चिपळूणला वाशिष्ठींत, महाडला सावित्रींत मगरी आहेत. कृष्णाकांठीं त्यांच्या हल्ल्यांत माणसेंही दगावलीं आहेत. आमच्या सिद्धान्ताची कसोटी येथें आहे. दया शहरांतल्या सुशिक्षितानें करावी आणि तिची किंमत धुणें घेऊन नदीवर जाणाऱ्या बाईनें द्यावी, हा न्याय नव्हे. मगरीला अभय देणाऱ्या समाजानें त्या बाईच्या घरीं नळ, घाटाला जाळीचें कुंपण, आणि दुर्दैवानें कोणी गेल्यास कुटुंबास तत्काळ भरपाई, हा खर्च आपल्या अंगावर घेतलाच पाहिजे. एरवीं ती दया परभारेंच केलेली ठरेल.

आमच्या या भागांतही नद्या आहेत. लोणावळ्याकडील डोंगरांतून निघालेली उल्हास कर्जतवरून बदलापुरास येते. शके ९८२ मधील अंबरनाथच्या शिवालयाजवळून वालधुनी वाहते व उल्हासनगरांतून पुढें जाते. याच वालधुनींत २०१४ च्या नोव्हेंबरांत रसायनें ओतलीं गेल्यामुळें उल्हासनगरांतील शेंकडों लोक गुदमरून रुग्णालयांत गेले. उद्यां बदलापूरच्या पात्रांत एखादी मगर दिसली, तर ती पकडून न्या म्हणून संध्याकाळपर्यंत अर्ज जातील. वालधुनीचें पाणी मात्र वर्षानुवर्षें नासत आलें, आणि आपण नाकास रुमाल लावून पूल ओलांडीत आलों. भयाचें माप इतकें चुकत असतां, जगण्यास अपात्र कोण हें ठरविण्याचा अधिकार आपणांस कितपत पोहोंचतो?

भागवतांतील गजेंद्रमोक्षाची कथा घरोघरीं ठाऊक आहे. परंतु त्या कथेंत नक्राचाही उद्धार होतो, शाप सरून तो पुन्हां गंधर्व होतो, याची आठवण फारसें कोणी ठेवीत नाहीं. कांठचा मनुष्य व पाण्यांतील मगर या दोघांपैकीं एकाचेंच रक्षण शक्य आहे असें जे मानतात, त्यांनीं ती कथा शेवटपर्यंत वाचावी, एवढेंच आमचें सांगणें आहे.