मैदान कुणाचे?

जुन्या टायरचे झोपाळे, केबलच्या रिकाम्या रिळांची टेबले, पाइपांचे बोगदे. अशी मैदाने आता गावोगावच्या शाळांत दिसू लागली आहेत. आयआयटी खरगपूरला वास्तुकला शिकताना पूजा राय यांनी एका अनाथाश्रमातली मुले हातातल्या चपलेने बॅडमिंटन खेळताना पाहिली. त्यातून उभ्या राहिलेल्या बंगळुरूच्या ‘अँटहिल क्रिएशन्स’ने देशभर अशी मैदाने बांधली. काम मोलाचे आहे. म्हणूनच त्याची नक्कल करताना एक सोपी पळवाट टाळायला हवी. वस्तू फुकटची, मैदान गरिबांच्या वस्तीतले, म्हणून ‘एवढे पुरे’ म्हणण्याची.

टाकून दिलेल्या वस्तूला नव्या वस्तूपेक्षा जास्त लक्ष द्यावे लागते. टायर हातात घेऊन बघा. रेडियल टायर झिजला की आतल्या पोलादी तारा बाहेर डोकावतात आणि झोपाळ्यावर बसणाऱ्या पोराची मांडी फाडतात. आतून-बाहेरून हात फिरवून तो तपासल्याशिवाय मैदानात आणू नये. तळाला ड्रिलने भोके पाडली नाहीत तर पावसाचे पाणी साचते आणि डेंग्यूच्या डासाला आयते घर मिळते. विदर्भात एप्रिलच्या दुपारी काळ्या टायरवर हात टेकवत नाही, म्हणून फिकट रंग हवा आणि वर सावली हवी. झोपाळ्याखाली सिमेंटचा कोबा घालण्याची आपल्याकडे वाईट खोड आहे. तिथे वाळूचा जाड थर लागतो, आणि ती वाळू वरचेवर उकरून मोकळी करावी लागते.

हे वरचेवर कोण करणार? फीत कापणारे पाहुणे तर नाहीत. १९४३ मध्ये, जर्मनांच्या ताब्यातल्या डेन्मार्कमध्ये, कोपनहेगनजवळ एम्ड्रुपला भंगाराचे पहिले मैदान सुरू झाले. फळ्या, विटा, दोर आणि हातोड्या मुलांच्या हवाली होत्या. सोरेन्सन या उद्यानरचनाकाराची ही कल्पना. तिचे कौतुक होते, पण तिथे मुलांसोबत राहण्यासाठी जॉन बर्टेल्सन नावाचा माणूस नेमला होता, हे राहून जाते. मुलांना सूचना देत बसणे हे त्याचे काम नव्हते. मागतील तेव्हा त्याने हाताशी असायचे. माझ्या मते त्या मैदानातली सर्वात मोलाची गोष्ट हा माणूसच होता.

इंग्लंडच्या लेडी ॲलन यांनी युद्धानंतर ते मैदान पाहिले आणि बॉम्बने उद्ध्वस्त झालेल्या लंडनमध्ये तशी मैदाने व्हावीत म्हणून त्या झटल्या. तिथे न थांबता १९७० मध्ये त्यांनी चेल्सीत अपंग मुलांसाठी साहसी खेळांचे मैदान सुरू करवले. धोका पत्करून खेळण्याचा आनंद या मुलांनाही हवा असतो, हे त्यांना कळले होते. आपल्याकडे अजून फाटकापाशीच अडते. गुरे येऊ नयेत म्हणून बसवलेल्या अडसरातून चाकाची खुर्ची जात नाही. आत गेलीच तर वाळूत रुतते. बहीण खेळते आणि भाऊ कडेला बसून बघतो. त्याला ‘तू बघ हं’ म्हणणारे आपण प्रेमळच असतो, आणि हेच मला जास्त खटकते. घट्ट वाट, बारा फुटांत एक फूट चढणारा उतार, पाठीला टेकू असलेला झोपाळा, खुर्चीत बसून हात घालता येईल इतक्या उंचीवरचा वाळूचा हौद: यातले काहीच महाग नाही. सुरुवातीच्या नकाशात मात्र ते असावे लागते.

खेळणे हा मुलांचा हक्क आहे, असे बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या ३१व्या कलमात म्हटले आहे, आणि भारताने १९९२ मध्ये तो करार मान्य केला. हक्क देताना उपकाराचा सूर लागता कामा नये.

तुमच्या वस्तीत असे मैदान होणार असेल, तर पहिल्या बैठकीला धावू न शकणाऱ्या मुलाला आणि त्याच्या आईला बोलवा. आणि टायर गोळा करण्याआधी, दर आठवड्याला नट-बोल्ट तपासणाऱ्याचे नाव फळ्यावर लिहा.