आपल्या चढाईचे ओझे कोण वाहतो?



गेल्या रविवारी मिस्सानंतर तरुण मंडळाची बैठक झाली. जानेवारीत कळसूबाईला जायचे ठरले. राज्यातले सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर. आपल्या नांदेडची मुले आणि लातूरची मुले मिळून वीस-बावीस जण. इथपर्यंत सर्वांचे एकमत होते. मग एकाने तीन जीपगाड्यांचे भाडे सांगितले आणि मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "रेल्वेने का नको?" त्यानंतर अर्धा तास जे झाले त्याला चर्चा म्हणावे की भांडण, ते उपस्थितांनी ठरवावे. शेवटी एक जण म्हणाला, "फादर, तुम्हीच सांगा. डोंगरावर जाणे काही पाप नाही ना? मग कशाने गेलो याने काय फरक पडतो?"

आम्ही त्या वेळी उत्तर दिले नाही. प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही, म्हणून या पानावर मांडत आहोत.

डोंगर चढणे चांगलेच आहे, यात शंका नको. पोप अकरावे पायस हे तरुणपणी, म्हणजे नुसते फादर अकिले रात्ती असताना, पक्के गिर्यारोहक होते. १८८९ मध्ये त्यांनी आल्प्समधील मॉन्ते रोझा हा अवघड डोंगर चढला. पोप झाल्यावर १९२३ मध्ये त्यांनी संत बर्नार्ड यांना गिर्यारोहकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. तेव्हा मुलांनी आमच्याकडून डोंगराविरुद्ध प्रवचनाची अपेक्षा करू नये.

पण सेमिनरीत संत थॉमस अक्वायनस शिकताना एक गोष्ट आमच्या डोक्यात पक्की बसली. कृतीचे मोल केवळ हेतूवर ठरत नाही. आपण प्रत्यक्षात काय करतो आणि कोणत्या परिस्थितीत करतो, हेही त्यात येते. आपण मात्र सहलीचे दोन तुकडे करतो. चढाई ही 'खरी' आणि तिथवरचा प्रवास म्हणजे नुसती सोय. पायथ्याला उतरलो की आपण निसर्गप्रेमी होतो. त्याआधीचे पाचशे किलोमीटर हिशेबात येत नाहीत.

ते हिशेबात घेऊन पाहू. जाऊन-येऊन सुमारे हजार किलोमीटर. जीप लिटरला बारा किलोमीटर धावली, तर तीन जीपना मिळून अडीचशे लिटर डिझेल लागेल. एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे दोन दिवसांच्या आनंदासाठी साडेसहाशे किलोंहून अधिक. उलट नांदेडहून मनमाड-नाशिकमार्गे मुंबईला जाणारी रेल्वे आपण बसलो किंवा न बसलो तरी धावणारच आहे. रेल्वेची वीजही बरीचशी कोळशातून येते, हे खरे. परळीची धुराडी आपण पाहिलेली आहेत. पण शेकडो माणसांमध्ये वाटलेला धूर आणि सात जणांसाठी काढलेला धूर एकच नव्हे.

यावर बैठकीत नेहमीचे उत्तर आले, "आपल्या तीन गाड्यांनी जग बुडणार आहे का?" नाही बुडणार. पण लातूरकरांनी २०१६ चा उन्हाळा आठवावा. मिरजेहून रेल्वेने पाणी आले; पहिल्या फेरीत ५ लाख लिटर, पुढे पन्नास वाघिणींची गाडी भरून २५ लाख लिटर. पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली होती. त्या रांगेत एखाद्याने दोन घागरी जास्त घेतल्या असत्या तर शहर तहानेने मेले नसते. तरीही रांगेतल्या बायकांनी त्याला सोडले नसते आणि त्यांचेच बरोबर होते. तो दुष्काळ जीपगाड्यांनी आणला असे आम्ही म्हणत नाही. त्यात उसाचा आणि आपल्या नियोजनाचाही मोठा वाटा होता. पण तापत चाललेल्या हवेचा फटका आधी कोणत्या जिल्ह्यांना बसतो, हे मराठवाड्याला दुसऱ्याने सांगायला नको.

आता कोणी म्हणेल, धूर नाही तो प्रवास चांगला, संपला प्रश्न. इथेच आम्हाला माथेरान आठवते. दस्तुरी नाक्याच्या पुढे तिथे मोटारींना बंदी आहे. नेरळहून छोटी रेल्वे १९०७ पासून वर जाते, आणि २००३ मध्ये तो परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला. हवा स्वच्छ, गोंगाट नाही. पण त्या स्वच्छ हवेत वर्षानुवर्षे माणसांनी माणसांना ओढले. हातरिक्षा! पुढे एक जण ओढतो, मागून दुसरा ढकलतो, लाल मातीचा चढ, आणि आत बसलेला पाहुणा निसर्गाचे कौतुक करतो. धुराच्या हिशेबात या वाहनाला शंभरपैकी शंभर गुण. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ई-रिक्षांचा प्रयोग करू दिला. घोडेवाल्यांचा त्याला विरोध होता, कारण त्यांच्या पोटाचा प्रश्न होता. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने माणसाने ओढायच्या रिक्षा सहा महिन्यांत बंद करण्यास आणि ओढणाऱ्यांचे पुनर्वसन करण्यास सांगितले.

म्हणून आम्हाला वाटते, 'धूर किती' हा प्रश्न अपुरा आहे. 'आपल्या चढाईचे ओझे कोणावर पडते' हा पुरा प्रश्न. कधी ते हवेवर पडते, कधी रिक्षा ओढणाऱ्याच्या छातीवर, कधी काजव्यावर. होय, काजव्यावर. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मे-जूनमध्ये झाडेच्या झाडे काजव्यांनी लखलखतात. तो प्रकाश म्हणजे नराने मादीला घातलेली साद. ती पाहायला शहरांतून मोटारींच्या रांगा येतात, आणि त्यांच्या दिव्यांच्या झोतात ती साद हरवते. जे पाहायला आलो, तेच आपल्या येण्याने विझते.

आमच्याही हातून हे घडले आहे. सेमिनरीत असताना आम्ही दहा-बारा जण भाड्याच्या जीपने एका किल्ल्याला गेलो. पायथ्याच्या वाडीत जीप अरुंद रस्त्यात लावून गाणी म्हणत वर गेलो. परतलो तेव्हा डोक्यावर दोन हंडे घेतलेली एक बाई जीपला वळसा घालून शेताच्या बांधावरून चालत होती. ती काही बोलली नाही. आम्हीही बोललो नाही. किल्ल्यावर काय पाहिले ते आता आठवत नाही.

गाडी खाली ठेवून वर जाण्याची रीत आपल्याला अनोळखी नाही. नवरात्रात माहूरगडावर गर्दीच्या दिवसांत खाजगी वाहने खाली थांबवून भाविकांना एसटीने वर नेतात. अजिंठ्याला फर्दापूरच्या फाट्यावर मोटार ठेवावी लागते; पुढचे चार किलोमीटर बस. तिथे कोणी तक्रार करत नाही, कारण नियम सर्वांना सारखा. कळसूबाईला असा नियम नसेल, तर आपणच तो स्वतःला घालून घ्यायचा की नाही, एवढाच प्रश्न उरतो. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' परिपत्रकात सार्वजनिक वाहन वापरणे किंवा एका गाडीत अनेकांनी मिळून जाणे अशा साध्या गोष्टींचा मुद्दाम उल्लेख केला आहे.

मात्र एक बोचणारी बाब सांगितलीच पाहिजे. आपल्या धर्मग्रामातील निम्मी कुटुंबे वर्षानुवर्षे एसटीने आणि जनरल डब्यातूनच फिरतात. त्यांना कोणी पर्यावरणप्रेमी म्हटले नाही. जीप घेऊ शकणाऱ्याने एकदा रेल्वेने प्रवास केला की त्याचे मात्र कौतुक होते. तेव्हा या सहलीचा फलक करून फोटो काढू नयेत, अशी आमची विनंती आहे.

आणि एका आईचे म्हणणेही रास्त आहे: "मुलींना रात्री कुठल्या फाट्यावर उतरवणार?" सोय नसताना तत्त्व सांगणे सोपे असते. यावर आमच्याकडे तयार उत्तर नव्हते. मोठ्या मुलांनी बसून असे काढले आहे: नांदेडची मुले इथून बसतील, लातूरची एसटीने परभणीला येऊन त्याच गाडीत चढतील. इगतपुरीला उतरून घोटीमार्गे पायथ्याच्या बारी गावापर्यंत एसटी मिळाली तर एसटी, नाहीतर भाड्याची एक जीप, तीन नव्हे, आणि तीही दोन फेऱ्यांत. अंधार पडण्याआधी बारीत पोहोचायचे. जेवण गावातल्याच घरांमध्ये. एक दिवस जास्त लागेल. नोकरी करणाऱ्या दोघांना तेवढी रजा मिळत नाही, आणि ते नाराज आहेत. त्यांची नाराजी आम्हाला समजते.

रेल्वेचे आरक्षण आधी करावे लागते. नावे येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर मंडळाच्या सचिवांकडे द्यावीत. परभणीला चढणाऱ्यांनी तसे वेगळे कळवावे.

आपला,
धर्मगुरू