नळीवरचा नंबर

पेण-रोह्याकडे गाय माजावर आली की पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन जातो. रेतनाला येणाऱ्याजवळ द्रवरूप नायट्रोजनचे भांडे असते आणि त्यात उणे 196 अंशांवर ठेवलेल्या बारीक नळ्या. त्यातली एक काढायची, कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरायची, पुसून रेतनाच्या गनमध्ये भरायची. नळीत जेमतेम पाव मिलिलिटर वीर्य, आणि वर वळूचा नंबर व जात छापलेली. गाय गाभण राहिली म्हणजे काम झाले, असे आपण समजतो. मला तो नंबरच सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

गोरिलासारख्या माणसाच्या जवळच्या नातलगांसाठीही या रेतनाच्या आणि गोठवण्याच्या शास्त्राकडे आशेने पाहिले जाते. अमेरिकेत सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात ऑक्टोबर 1995 मध्ये रोझी या गोरिला मादीने टिमूला जन्म दिला. टिमू हे जगातले पहिले टेस्ट ट्यूब गोरिला, म्हणजे शरीराबाहेर फलन होऊन जन्मलेले. सॅन दिएगोच्या ‘फ्रोझन झू’त 1970च्या दशकापासून वन्यप्राण्यांच्या पेशी आणि वीर्य याच थंडीत जपले जात आहेत. भांडे तेच, नायट्रोजन तोच. हेतू मात्र गोठ्यातल्या हेतूच्या अगदी उलट.

दूध वाढवायचे तर मोजके उत्तम वळू पुरतात. पूर्वी वळूची संतती पंचक्रोशीपुरती असे. नळीमुळे ती खंडभर होते. 1962 साली जन्मलेल्या ‘चीफ’ या अमेरिकी होल्स्टिन वळूला सोळा हजार मुली झाल्या. दूध भरपूर वाढले. पण त्याच्या रक्तात एक दोष लपलेला होता. तो आई आणि बाप दोघांकडून आला की गर्भ पोटातच मरतो. चीफचीच नातवंडे-पतवंडे एकमेकांशी जुळू लागली आणि जगभरात सुमारे पाच लाख गर्भ गेल्याचा अंदाज पुढे शास्त्रज्ञांनी मांडला. दोष थोडाफार प्रत्येक प्राण्यात असतो. तो उघडा पडला, कारण सगळीकडे एकच बाप होता.

जात टिकवायची तर एकाला पुढे काढून चालत नाही. प्राणिसंग्रहालये गोरिलांची वंशावळ ठेवतात आणि ज्याचे नातलग कळपात सर्वांत कमी, त्याच्या संततीला आधी संधी देतात. ज्या मादीचे रक्त पुरेसे पसरले आहे, तिला चक्क बायकांच्या गर्भनिरोधक गोळ्या दिल्या जातात. दांडगा, देखणा नर इथे मागे थांबतो आणि एखाद्या म्हाताऱ्या, निपुत्रिक नराचे वीर्य जिवापाड जपले जाते.

आता आपल्या गोठ्याकडे या. रायगडापासून सिंधुदुर्गापर्यंतची लहान चणीची, टणक खुरांची गावठी गाय कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने ‘कोकण कपिला’ या नावाने स्वतंत्र जात म्हणून नोंदवली आहे. चिखलणीला तिचे बैल चालत, पावसाळाभर भिजत, डोंगरउतारावरच्या गवतावर भागवत. दूध थोडे. म्हणून नळीतून जर्सी आली, होल्स्टिन आली. शेतात पॉवर टिलर आला आणि गावठी पाडा कुणाला नकोसा झाला. शेतकऱ्याला मी दोष देणार नाही, डेअरीचा हिशेब त्याला रोज करावा लागतो. पण ज्या नळीने हे रक्त पातळ केले, तीच ते राखूही शकते.

अट एकच, नळ्या कोणाकोणाच्या आहेत ते पाहायचे. साठ्यात सहज हाती येईल तेच आधी भरते. नायजेरिया-कॅमेरून सीमेवरचे क्रॉस रिव्हर गोरिला तीनशेच्या आसपास उरलेत, पण पिंजऱ्यातला त्यांचा ज्ञात प्राणी एकच होता, न्यांगो नावाची मादी, आणि 2016 मध्ये तीही गेली. ज्याची गरज सर्वांत जास्त, त्याचेच वीर्य मिळवणे सर्वांत कठीण. कपिलेचे तसे नाही. तिचे वळू अजून दावणीला आणि रानात आहेत. मात्र एकाच फार्मवरच्या दोन-तीन उमद्या वळूंच्या हजारो नळ्या भरून ठेवल्या, तर आपण कपिलेचाही ‘चीफ’ करू. रोह्याच्या डोंगरवाडीतला एक, पेणच्या खारेपाटातला एक, दक्षिणेकडचा आणखी एक, असे परस्परांशी नाते नसलेले पुष्कळ वळू हवेत आणि प्रत्येकाच्या थोड्या नळ्या पुरेत. पाडे लहानपणीच खच्ची होतात, म्हणून ही निवड त्याआधी, वाडीवाडीत जाऊन, मालकाला दोन पैसे देऊन करायला हवी.