सालीचं औषध, गर्दीचा आजार

डाळिंबाचा रस काढून झाला की फळाच्या वजनाचा मोठा हिस्सा साल म्हणून मागे उरतो. ती वाळवून, दळून पाळलेल्या माशांच्या खाद्यात थोडी मिसळायची, ही कल्पना कुणालाही आवडेल. सालीत टॅनिन आणि इतर पॉलिफेनॉल भरपूर असतात. डाळिंबाची, संत्र्याची, आंब्याची साल तिलापियासारख्या माशांना खाऊ घालून झालेल्या प्रयोगांत त्यांची प्रतिकारशक्ती वाढल्याचं अनेकदा दिसलंय. कचरा कमी, अँटिबायोटिक कमी, मासा निरोगी. यात खटकण्यासारखं काय आहे?

मला खटकतो तो 'निरोगी' हा शब्द.

तळ्यातला मासा आजारी का पडतो? मासे दाटीवाटीने सोडले की पाण्यातला ऑक्सिजन घटतो, विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया वाढतो. शरीरावर ताण येतो, प्रतिकारशक्ती ढासळते आणि पाण्यात आधीपासूनच असलेले एरोमोनाससारखे जीवाणू डाव साधतात. म्हणजे रोग जीवाणूचा असला, तरी त्याला दार उघडून देते ती गर्दी.

आता सालीची पूड मिळाली. मासे मरायचे थांबले. मग पुढच्या हंगामात त्याच तळ्यात आणखी पिल्लं सोडायचा मोह होणारच. आपण माशाला बरं केलं, की जास्त हाल सोसायला तयार केलं?

हा प्रश्न आपल्याला परका नाही. बारा तास राबवून घेणारं ऑफिस मेडिटेशनचं ॲप फुकट देतं, तेव्हा ॲप वाईट नसतं. त्याने झोपही लागते. पण कामाचे तास तेवढेच राहतात, आणि आता तक्रार करायलाही जागा उरत नाही.

'माशाला कुठे काय कळतं' असं म्हणून सुटताही येत नाही. 2003 मध्ये लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी ट्राउट माशात वेदना टिपणारे चेतातंतू दाखवले. त्याला नेमकं काय वाटतं यावर वाद चालू आहे. पण शंकेचा फायदा द्यायचाच, तर तो ताकदवानाला का द्यावा?

आणखी एक गंमत. डाळिंबावरच्या तेल्या रोगासाठी अनेक वर्षं स्ट्रेप्टोसायक्लिन फवारलं गेलं. तेही अँटिबायोटिकच. फवारणी होते ती सालीवर. ती तपासल्याशिवाय खाद्यात गेली, तर जे टाळायला निघालो तेच मागच्या दाराने आत येणार.

म्हणून साल फेकून द्यावी असं मी म्हणत नाही. खर्चाने आधीच वाकलेल्या मत्स्यशेतकऱ्याला नीतीचे धडे देण्याचा अधिकार, स्वस्त मासा मागणाऱ्या मला नाही. माझी कसोटी साधी आहे: सालीमुळे वाचलेला पैसा पाणी स्वच्छ ठेवायला, मासे विरळ सोडायला वापरला, तर ते औषध. तोच पैसा गर्दी वाढवायला वापरला, तर ती फक्त भूल. आणि विरळ तळ्यातला मासा चार पैसे महाग मिळाला, तर ते चार पैसे माझ्या खिशातून जायला हवेत.