सुट्टी कुणाबरोबर?

मे महिना लागला की शिक्षकांच्या सुट्टीवर बोलायचा हंगाम सुरू होतो. ‘तुमचं काय बुवा, दीड महिना मजा!’ चाकणमध्ये हे ऐकताना मला उत्तर सुचत नाही, कारण बोलणारा बहुधा थर्ड शिफ्ट करून आलेला असतो. निकालाची कामं, प्रशिक्षणं, निवडणूक, जनगणना हा आम्हा शिक्षकांचा ठरलेला बचाव खोटा नाही, पण तारवटलेल्या डोळ्यांपुढे तो तोंडातून निघत नाही. तेव्हा सुट्टी आमच्याकडे आहे, हे मान्यच. (बायकांच्या बाबतीत त्यातली निम्मी कुरडया-पापडांत जाते, तो हिशेब वेगळा.) पण ती घालवायची कुणाबरोबर आणि कुठे?

माझ्या घरापुरतं सांगायचं तर मला रविवारी सुट्टी असते आणि नवऱ्याला गुरुवारी. पिंपरी-चिंचवडपासून इकडे चाकणपर्यंत अशी घरं गल्लोगल्ली सापडतील. सगळे कारखाने एकाच दिवशी बंद आणि बाकी सहा दिवस एकदम सुरू राहिले तर विजेचा भार पेलत नाही, म्हणून औद्योगिक पट्ट्यांना वेगवेगळे वार वाटून दिले गेले आणि आपल्याकडे गुरुवार आला. वीज कंपनीही दुरुस्तीची कामं त्याच दिवशी काढते. मोठ्या वाहन कंपन्यांचे वार निराळे असू शकतात, पण त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या असंख्य वर्कशॉपांचा आठवडा गुरुवारी संपतो. मुलांचा शनिवारी. त्यामुळे ‘शनिवार-रविवार कुटुंबासोबत’ ही जाहिरातीतली गोष्ट आमच्याकडे मे महिन्यातही जमत नाही. मे महिन्यात फरक पडतो तो एवढाच, की गुरुवारी मुलं आणि मी घरी असतो.

रविवारची सुट्टी काही आपोआप आलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांचं घराणं पुणे जिल्ह्यातल्या कन्हेरसरचं. जोतीराव फुल्यांचे ते सहकारी, ‘दीनबंधू’चे संपादक. 1884 मध्ये त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि आठवड्याच्या सुट्टीची मागणी लावून धरली. गिरणीमालकांनी ती मान्य केली 10 जून 1890 रोजी. रविवारच का, तर तो खंडोबाचा वार, असं तेव्हा सांगितलं गेलं. मला या कारणाचं फार कौतुक वाटतं. नुसती विश्रांती हवी असती तर कुठलाही वार चालला असता. ज्या दिवशी बाकीचे लोक देवाला निघतात, त्याच दिवशी आपल्यालाही निघता आलं पाहिजे, असं त्या मागणीत होतं. पुढे 1948 च्या कारखाने कायद्यानेही आठवड्याचा पहिला दिवस, म्हणजे रविवार, हीच सुट्टी धरली. तो बदलायचा तर आधीच्या किंवा नंतरच्या तीन दिवसांपैकी एखादा द्यावा, अशी मुभा ठेवली. गुरुवार बरोबर तीन दिवस आधी येतो. मुभा होती तेवढी आपण पुरेपूर वापरली, म्हणायची.

सुट्ट्या विखुरल्या की काय होतं, याचा मोठा प्रयोग सोव्हिएत रशियाने 1929 मध्ये करून पाहिला. यंत्रं एक दिवसही थांबू नयेत म्हणून आठवडा पाच दिवसांचा केला, कामगारांचे पाच गट पाडून प्रत्येकाला एकेक रंग दिला आणि रोज एका रंगाला सुट्टी. नवऱ्याचा रंग पिवळा आणि बायकोचा जांभळा असला की संपलंच. तक्रारी झाल्या, यंत्रांची देखभालही ढासळली, आणि 1931 मध्ये सगळ्यांना एकत्र सुट्टी देणारा सहा दिवसांचा आठवडा आला. 1940 मध्ये जुना सात दिवसांचा. चाकणमध्ये रंग कुणी ठरवून दिलेले नाहीत. पण एकाच घरात फर्स्ट, सेकंड आणि शाळा असे तीन रंग नांदतात, आणि खोली करून राहणाऱ्या पोरांत तर एकाच गादीवर दोन पाळ्या झोपतात.

आता ‘कुठे’ या प्रश्नाकडे. सुट्टीत मी सकाळी चालायला निघते. संग्रामदुर्गापाशी जावं, 1660 च्या पावसाळ्यात फिरंगोजी नरसाळ्यांनी शाहिस्तेखानाला जवळपास दोन महिने झुंजवलं तो हा भुईकोट. तिथून चक्रेश्वराच्या देवळाकडे. जुन्या गावात हे जमतं. पण एकदा पुणे-नाशिक रस्ता ओलांडायचा म्हटलं की चालणं संपतं आणि जीव वाचवणं सुरू होतं. तळेगाव चौकात कंटेनर, ट्रेलर, कंपन्यांच्या बसा आणि त्यांच्या मधून वाट काढणाऱ्या दुचाक्या. मुलांना हात धरून नेण्याची ती जागा नाही. म्हणून चाकणची माणसं चालायलासुद्धा गाडी काढून जातात: भामचंद्र डोंगर, भंडारा डोंगर, नाहीतर थेट निगडीची दुर्गा टेकडी.

असं व्हायलाच हवं होतं का? पिंपरीत 1954 साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला तेव्हा त्याच्यासोबत वसाहत आली, झाडं, मैदान आणि शाळाही. 1972 मध्ये नवनगर विकास प्राधिकरण झालं. त्याच्यावर टीका पुष्कळ करता येईल, पण निगडीच्या सेक्टरांत आजही म्हाताऱ्यांना सावलीतून फेरी मारता येते. चाकणला कारखाने आले तेव्हा कामगाराला घर देणं हे कारखान्याचं काम उरलं नव्हतं. त्याला बसने आणायचं आणि बसने सोडायचं. निम्म्याहून अधिक माणूस तर कंत्राटदाराचा, आज इथे तर उद्या रांजणगावला. फुटपाथ कुणी मागायचा? नगरपरिषदेकडे गाऱ्हाणं घेऊन जायला चार माणसं एका दिवशी मोकळी असावी लागतात. एकत्र सुट्टी नाही म्हणून एकत्र मागणी नाही, आणि मागणी नाही म्हणून जागा नाही, असं माझं मत आहे. शिक्षकांची सुट्टी कमी करा म्हणणाऱ्यांना या गाठीतला एकही पीळ सुटणार नाही.

एक अपवाद मात्र सांगायलाच हवा. चैत्र-वैशाखात खेड तालुक्यातल्या गावोगावी यात्रा भरतात. निमगावच्या खंडोबाला, गावोगावच्या घाटांत बैलगाडे पळतात; सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2021 मध्ये परवानगी दिल्यापासून पुन्हा जोमाने. त्या दिवशी सुपरवायझरची मर्जी असो-नसो, गावचा माणूस कामावर जात नाही. ‘यात्रा आहे’ हे कारण एवढं पक्कं, की एचआरवालेही वाद घालत नाहीत. एकत्र सुट्टी चाकणला अजून घेता येते ती अशी. पण ती मूळ गावकऱ्याची. जालना, बुलढाणा, बिहारहून आलेल्या पोराची यात्रा शेकडो कोस दूर असते आणि त्याच्या गैरहजेरीला नुसता खाडा म्हणतात.

महिन्यातला निदान एक रविवार सगळ्या पट्ट्याला मिळावा, आणि शाळांनी मे महिन्यात मैदानं सकाळ-संध्याकाळ उघडी ठेवावीत, असं मी घरी म्हणून पाहिलं. नवऱ्याने लगेच गुरुवारची बाजू घेतली. गुरुवारी बँक उघडी असते, खेडला तहसीलचं काम होतं, दवाखान्यात डॉक्टर भेटतात. रविवारी यातलं काय होणार? त्याचं म्हणणं खोडता येत नाही. मी एवढंच विचारलं, की यात सुट्टी कुठे आली? तो म्हणाला, ‘सुट्टी तुम्हाला असते. आम्हाला ऑफ असतो.’