नाही म्हणायचा पगार

पुण्यात जन्मलेली रूबी मायर्स टेलिफोन ऑपरेटर होती. कोहिनूर फिल्म कंपनीच्या मोहन भवनानींनी तिला सिनेमासाठी विचारलं तेव्हा तिने आधी नकार दिला, असं सांगतात. सिनेमात काम करणाऱ्या बाईला तेव्हा इज्जत नव्हती. पुढे ती आली, 'सुलोचना' झाली आणि १९२६ मध्ये 'टेलिफोन गर्ल', 'टायपिस्ट गर्ल' अशा मूकपटांमधून कमावती मुलगी म्हणून पडद्यावर दिसली. १९७३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार तिला मिळाला.

मी मात्र त्या पहिल्या नकारापाशी थांबते. तो तिला परवडला, कारण हातात पगार होता.

१९२७ चा हॉलिवूडचा 'इट' बघा. क्लारा बो त्यात दुकानात काउंटरवर उभी राहणारी बेटी लू आहे. मालक तिच्या प्रेमात पडतो. मैत्रिणीचं बाळ वाचवायला ती 'हे माझंच' म्हणते. मालकाला ते खरं वाटतं. मग तो दागिने, ऐषआराम सगळं देऊ करतो, फक्त लग्न सोडून. ती सरळ नाही म्हणते. शेवट गोड होतो, पण तिच्या काउंटरचं पुढे काय झालं, हे सिनेमा विचारत नाही.

आमच्या शिंदखेड्यात ताईसाठी स्थळं येताहेत. ती नाशिकला नोकरी करते. पोहे संपायच्या आत प्रश्न येतो, "लग्नानंतर नोकरी सोडशी ना?" विचारणाऱ्या मावशी प्रेमळ असतात. पण त्या नेमकं काय मागताहेत? जिला नाही म्हणता येत नाही, तिच्या होकाराला संमती कसं म्हणायचं? नोकरी सोडायची अट म्हणजे 'हो म्हण, आणि पुन्हा कधी नाही म्हणू नकोस'.

यावर आई म्हणते, "कापूस वेचणाऱ्या बाया काय कमी कमावतात? त्यांना कोण नाही म्हणू देतं?" बरोबर आहे. दिवसभर वेचून आणलेली मजुरी संध्याकाळी नवऱ्याच्या खिशात गेली, तर बाई कमावती असूनही अडकलेलीच. म्हणजे नुसतं कमावणं पुरत नाही. पैसा कुणाच्या खात्यात जातो आणि तो खर्च करताना कुणाला विचारावं लागतं, तेही बघायला हवं.

ताईने आता बायोडाटात एक ओळ वाढवली आहे : 'नोकरी चालू राहील, पगार माझ्या खात्यात राहील.' त्यानंतर दोन स्थळं परत गेली. आईला रात्री झोप लागत नाही. मला ती ओळ काढावीशी वाटत नाही, आणि आईची काळजी खोटी आहे असंही म्हणवत नाही.